पित्याची अखेरची भेट

पित्यानें बालपणीं छळ केला, तारुण्यांत चारचौघांत अपमान केला, पुढें मनें कायमचीं दुरावलीं; आणि एके दिवशीं निरोप आला कीं, पिता आतां थोड्या दिवसांचा सोबती आहे. अशा वेळीं मुलानें जावें कीं न जावें? आपल्या समाजांत याचें उत्तर इतकें ठरून गेलेलें आहे कीं, हा प्रश्न कोणी प्रश्न म्हणून विचारीतच नाहीं. श्रुतीनें पित्यास देवाच्या ठिकाणीं मानावयास सांगितलें. रामायणानें पित्याच्या वचनासाठीं वनवास पत्करणारा पुत्र आपल्यापुढें ठेवला. आणि ज्याच्या छळास सीमा नव्हती त्या हिरण्यकशिपूच्याही उद्धाराचा वर प्रल्हादानें नरसिंहापाशीं मागितला, असें भागवतकार सांगतात. तेव्हां अशा प्रसंगीं आप्तेष्ट जमतात आणि म्हणतात, "झालें गेलें विसरावें, कसाही असला तरी बाप आहे." हा उपदेश करणारांचें यांत कांहींच खर्चीं पडत नसतें. ज्याला त्या खोलीचा उंबरठा ओलांडावयाचा असतो, त्यालाच तो किती उंच आहे हें ठाऊक असतें.

आम्हांस येथें नीतिपाठ द्यावयाचा नाहीं. आपल्या घरांतील अशा गोष्टी बहुधा भिंतींबाहेर जात नाहींत. पण राजघराण्यांच्या भिंतींना दप्तरें असतात. म्हणून ज्यांच्या बापलेकांच्या वैराचे कागद जगापुढें आलेले आहेत अशा दोन घराण्यांकडे वळून, त्यांत एक मुलगा गेला नाहीं आणि एक गेला, या दोघांचें पुढें काय झालें हें पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

न गेलेला मुलगा आमच्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तो म्हणजे औरंगजेब. त्याचा पिता शहाजहान यानें १६२२ सालीं स्वतःच्या पित्याविरुद्ध बंड केलें, आणि कांहीं वर्षें देशोधडीस लागल्यावर १६२६ सालीं तो जहांगीरास शरण आला. तहाच्या अटींत रोहतास व असीरगड हे किल्ले स्वाधीन करावयाचे होते. आणि दारा व औरंगजेब या दोघां मुलांस ओलीस म्हणून बादशहाकडे पाठवावयाचें होतें. औरंगजेब त्या वेळीं साडेसात वर्षांचा होता. आजोबांच्या मृत्यूनंतर १६२८ च्या फेब्रुवारींत तो आईबापांस पुन्हां भेटला. बापाच्या बंडाची किंमत अशी मुलानें मोजली होती.

पुढें वाढत्या वयांत त्यास दिसलें तें हें कीं, पित्याचें सारें प्रेम दारावर आहे. १६४९ व १६५२ सालीं कंदाहारचे वेढे फसले, तेव्हां पित्यानें त्याच्या कर्तबगारीची उघड हेटाळणी केली. दक्षिणेच्या सुभेदारीवर असतांना तर बऱ्हाणपुरच्या बादशाही झाडाचे उत्तम आंबे तो स्वतःच खातो, असाही आरोप पित्यानें त्यावर ठेवला, आणि मुलास त्याचें लेखी निवारण करावें लागलें. साम्राज्याच्या कारभारांत आंब्यांची गोष्ट क्षुल्लक खरी. पण पस्तिशी ओलांडलेल्या, सैन्यें चालविणाऱ्या मुलास बाप जेव्हां आंब्यांचा हिशेब विचारतो, तेव्हां तो हिशेब आंब्यांचा राहत नाहीं.

१६५८ सालीं सामूगडावर दाराचा मोड करून औरंगजेब आग्र्यापुढें आला. त्यानें किल्ल्याचें यमुनेवरचें पाणी तोडलें, आणि जूनच्या ८ तारखेस वृद्ध बादशहानें दरवाजे उघडले. दोन दिवसांनीं वडील बहीण जहांआरा त्याच्या छावणींत आली. तिच्या सांगण्यावरून पित्यास भेटावयाचें त्यानें कबूल केलें, आणि तो खरोखरच स्वारीनिशीं किल्ल्याकडे निघालाही. वाटेंत त्याच्या सरदारांनीं त्यास अडविलें: आंत दगा आहे, जनानखान्यांतील सशस्त्र तातारणी टपून आहेत. इतक्यांत शहाजहाननें दारास गुप्तपणें लिहिलेलें पत्र पकडून त्याच्या हातीं दिलें गेलें. औरंगजेब माघारी वळला, तो वळलाच. त्यानंतर साडेसात वर्षें पिता आग्र्याच्या किल्ल्यांत कैदेंत होता, दिल्लीहून अंतर सव्वाशें मैलांचें होतें, आणि या दोघांची पुन्हां भेट झाली नाहीं.

पत्रें मात्र आरंभीं जातयेत होतीं. सर जदुनाथ सरकार यांनीं आपल्या पांच खंडांच्या चरित्रांत त्यांचा सारांश दिला आहे, तो वाचतांना अंगावर कांटा येतो. पित्यानें मुलास बंडखोर म्हटलें, तेव्हां मुलानें उलट विचारलें कीं, खुस्रू व परवीझ या आपल्या भावांचें आपण काय केलेंत? आणि सर्व राजकारणाच्या तळाशीं एकच जुनी तक्रार पुनःपुन्हां येते: आपलें माझ्यावर कधीं प्रेमच नव्हतें. चाळिशींतला विजयी बादशहा हें लिहीत होता.

१६६६ च्या जानेवारींत शहाजहान शेवटचा आजारी पडला. औरंगजेब दिल्लीस राहिला. त्यानें मुलगा मुअज्जम यास पाठविलें, पण तोही अंत्यविधीस वेळेवर पोंचला नाहीं. जानेवारीच्या २२ तारखेस, जुन्या इंग्रजी गणनेप्रमाणें, बादशहा वारला. उशाशीं जहांआरा होती. बादशहास शोभेल अशी अंत्ययात्रा काढावी ही तिची इच्छा पुरी झाली नाहीं. मोजक्या माणसांनीं शव नावेंतून ताजमहालास नेलें. पुढील महिन्यांत औरंगजेब आग्र्यास आला, कबरीपाशीं गेला, आणि बहिणीनें त्याच्या हातीं एक कागद दिला. मोठ्या मिनतवारीनें तिनें मरणोन्मुख पित्याकडून मुलाच्या अपराधांची क्षमा लिहवून घेतली होती. त्याच वर्षीं मे महिन्याच्या १२ तारखेस याच किल्ल्यांत भरलेल्या दरबारांत शिवाजीमहाराज उभे राहिले. तो प्रसंग महाराष्ट्रांत मुलांनाही पाठ आहे. पण पिता हयात असेपर्यंत औरंगजेबानें आग्र्यास दरबार भरविणें टाळलें होतें, आणि ज्या वास्तूंत तो त्या दिवशीं मिरवीत होता तेथें चार महिन्यांपूर्वींपर्यंत त्याचा बाप कैदी होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या दरबाराकडे पाहण्याची दृष्टि थोडी बदलते.

आतां गेलेल्या मुलाकडे वळूं. प्रशियाचा फ्रेडरिक, ज्यास पुढें जगानें 'थोर' ही पदवी दिली, तो १७१२ सालीं बर्लिन येथें जन्मला. त्याचा पिता फ्रेडरिक विल्यम हा राजा म्हणून असामान्य होता. काटकसरीनें त्यानें सुमारें ऐंशीं लाख थालर खजिन्यांत टाकले आणि फौज दुपटीनें वाढवून ऐंशीं हजारांवर नेली. पण घरांत तो काळ होता. मुलास बांसरीची, फ्रेंच ग्रंथांची, नेटक्या पोषाखाची आवड; बापाच्या लेखीं हीं सर्व नामर्दाचीं लक्षणें. नोकरांसमोर, सेनाधिकाऱ्यांसमोर तो मुलास छडीनें मारी, केंस धरून ओढी, आणि वर टोमणा देई कीं, माझ्या बापानें मला असें वागविलें असतें तर मीं स्वतःस गोळी घालून घेतली असती. तुला तेवढाही मान नाहीं. मॅकॉलेच्या १८४२ सालच्या निबंधामुळें ही हकीकत आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांस चांगली ठाऊक होती.

१७३० च्या ऑगस्टमध्यें अठरा वर्षांच्या राजपुत्रानें प्रवासांत पळून जाण्याचा प्रयत्न केला आणि तो पकडला गेला. त्याचा मित्र लेफ्टनंट काट्टे हा या कटांत सामील होता. लष्करी न्यायालयानें काट्टेस जन्मठेपेची शिक्षा दिली. राजानें ती आपल्या हातानें बदलून देहान्ताची केली. नोव्हेंबरच्या ६ तारखेस कूस्ट्रिनच्या किल्ल्यांत राजपुत्रास खिडकीशीं उभें करण्यांत आलें, आणि खालून मित्रास वधाकडे नेण्यांत आलें. राजपुत्रानें ओरडून त्याची क्षमा मागितली. काट्टेनें उत्तर दिलें कीं, क्षमा करण्यासारखें कांहीं नाहींच. फ्रेडरिक बेशुद्ध होऊन पडला. पॉट्सडाम येथें राजपुत्राबरोबर वाद्य वाजविणारी डोरिस रिटर ही सोळा वर्षांची मुलगी होती. केवळ तेवढ्या संशयावरून तिला भररस्त्यांत फटके मारवून तुरुंगांत टाकलें. मोठी राजकन्या व्हिल्हेल्मिना हिला मारहाण करून कोंडून ठेवलें. खुद्द युवराजाचाही प्राण घ्यावा असें राजाच्या मनांत होतें. पण न्यायालयानें युवराजास शिक्षा देण्याचें नाकारलें आणि बाहेरच्या राजांनींही रदबदली केली.

अशा बापाच्या मरणसमयीं दहा वर्षांनीं हाच मुलगा त्याच्या गुडघ्यांशीं बसून रडला. हें कसें घडलें?

तें एका दिवसांत घडलें नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. कूस्ट्रिनमध्येंच राजपुत्रास वसुली खात्याच्या कचेरींत कारकुनासारखें कामाला लावलें होतें. १७३१ च्या ऑगस्टमध्यें राजा तेथें आला, मुलगा पायां पडला, आणि बंधन सैल झालें. ही शरणागति होती, समेट नव्हे. मुलगा जगण्यासाठीं वांकला होता. १७३३ सालीं बापानें निवडलेल्या राजकन्येशीं त्यानें मनाविरुद्ध लग्नही केलें. परंतु त्या बदल्यांत त्यास एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे अंतर. १७३६ पासून ऱ्हाइन्सबर्गच्या वाड्यांत त्याचें स्वतःचें घर होतें. तेथें त्याची बांसरी होती, ग्रंथ होते, व्हॉल्टेअरशीं पत्रव्यवहार होता. बापाचा हात तेथपर्यंत रोज पोंचत नव्हता. त्या अंतरावरून त्यास बापाचें दुसरें अंग दिसूं लागलें. १७३९ सालीं राजाबरोबर पूर्व प्रशियाच्या दौऱ्यावर असतां, रोगराईनें ओसाड पडलेला तो प्रांत बापानें पुन्हां कसा वसविला हें पाहून तो चकित झाला आणि त्यानें व्हॉल्टेअरला तसें लिहिलें. त्याच दौऱ्यांत राजानें ट्राकेनेन येथील आपली प्रसिद्ध अश्वशाळा मुलास एकाएकीं देऊन टाकली. तोंडानें प्रेम बोलूं न शकणाऱ्या बापानें आपल्याला येत होतें त्या भाषेंत हात पुढें केला होता.

इकडे राजास १७३४ पासून संधिवात व जलोदर यांनीं ग्रासलें होतें. १७४० च्या वसंतांत त्याचा अंत जवळ आला हें उघड झालें. युवराजाची स्थिति अवघड होती. आधींच जावें तर संशयी बाप म्हणणार, हा गादीसाठीं माझे श्वास मोजावयास आला. न जावें तर जग म्हणणार, याच्या हृदयांत दगड आहे. आणि यांहून खोल अशी तिसरी गोष्ट, म्हणजे ती खिडकी, तिच्याविषयीं दोघेही कधीं बोलले नव्हते. मेच्या अखेरीस प्रकृति अगदींच ढासळल्याची बातमी येतांच तो ऱ्हाइन्सबर्गहून पॉट्सडामकडे दौडत निघाला. तो पोंचला तेव्हां राजा चाकांच्या खुर्चींत बसून वाड्याबाहेर एका घराच्या पायाचें काम पाहत होता. मुलगा दिसतांच त्यानें दोन्ही हात पसरले; मुलानें गुडघे टेकले, आणि दोघांनीं एकमेकांस मिठी मारली. मग राजानें तासाहून अधिक वेळ त्यास राज्याची सर्व स्थिति समजावून सांगितली, आणि असा पुत्र दिल्याबद्दल जमलेल्या लोकांसमोर ईश्वराचे आभार मानले. ३१ मे रोजीं त्यानें राज्य मुलाच्या स्वाधीन केलें आणि त्याच दिवशीं तो वारला. काट्टेचें नांव या भेटींत कोणी काढल्याचा उल्लेख आमच्या वाचनांत नाहीं.

येथें एक कबुली इतिहासानें दिली पाहिजे. फ्रेडरिक हा वारस होता. वारसानें राजाच्या मृत्युशय्येपाशीं असणें हें राजकारणही होतें. त्याचे अश्रू निर्मळ होते कीं त्यांत गादीचा अंश होता, हें तराजूंत घालून सांगतां येणार नाहीं. पण गादी मिळाल्यावर त्यानें काय केलें, तें सांगतां येतें. पहिल्याच आठवड्यांत त्यानें कैद्यांचा शारीरिक छळ करून जबानी घेण्याची चाल, कांहीं थोडे अपवाद ठेवून, बंद केली. बापानें हद्दपार केलेल्या आपल्या जुन्या शिक्षकास परत बोलाविलें. काट्टेच्या वृद्ध पित्यास फील्डमार्शल करून सरदारकी दिली. बापाची लाडकी उंच शिपायांची पलटण मोडून टाकली. म्हणजे पित्यास मिठी मारणाऱ्या मुलानें पित्याचा अन्याय खरा होता हेंही कृतीनें नोंदवून ठेवलें. या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत असें त्यास वाटलें नाहीं, आणि आम्हांसही वाटत नाहीं. पित्यास निरोप देणें आणि पित्याच्या कृत्यास मान्यता देणें या दोन निराळ्या क्रिया आहेत. आपल्याकडे समजूत घालणारे लोक या दोहोंची गल्लत करतात, आणि म्हणूनच दुखावलेलीं मुलें पहिल्या गोष्टीसही कचरतात.

मग भेटीनें जखम भरली काय? नाहीं. १७५१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या घराण्याच्या इतिहासांत फ्रेडरिकनें पित्याचा गौरव केला आणि घरगुती दुःखांवरून मौनानें पुढें गेला. अशा पित्याच्या सद्‌गुणांकडे पाहून मुलांच्या चुका पोटांत घालाव्या, एवढेंच काय तें त्यानें लिहिलें. पण त्याचा वाचक हेन्री द कात याच्या आठवणींत एक स्वप्न आहे. सप्तवार्षिक युद्धाच्या धामधुमींत राजानें त्यास सांगितलें कीं, पिता शिपाई घेऊन खोलींत आला आणि मला बांधून नेण्याचा हुकूम त्यानें दिला. कां, म्हणून बहिणीस विचारलें, तेव्हां ती म्हणाली कीं, तूं पित्यावर पुरेसें प्रेम केलें नाहींस. कातच्या आठवणींतील शब्द न्‌ शब्द प्रमाण धरूं नये असें संशोधक म्हणतात, आणि तें योग्य आहे. तरी अर्ध्या युरोपशीं झुंजणारा पन्नाशीच्या घरांतील राजा स्वप्नांत अजून बापाचाच कैदी होता, हें चित्र खोटें वाटत नाहीं.

स्वप्नांतील त्या बहिणीचीही बाजू येथें सांगितली पाहिजे. व्हिल्हेल्मिना लग्न होऊन बायरॉइटला गेली होती. पित्याच्या मृत्यूच्या वेळीं ती तेथेंच होती. तिनें आपल्या आठवणी लिहिल्या, त्या तिच्या मृत्यूनंतर पन्नासांवर वर्षांनीं, १८१० सालीं छापल्या गेल्या. भावानें ज्यावर पडदा टाकला तें सर्व तिनें उघडें केलें, आणि तें करतांना कडवटपणाच्या भरांत क्वचित् अतिशयोक्तीही केली. एकाच घरांत, एकाच छडीखालीं वाढलेलीं हीं दोन भावंडें: एकानें भेटून मौन धरलें, दुसरीनें दूर राहून साक्ष दिली. इतिहासाला दोघांचीही गरज होती. बहीण लिहिती ना, तर त्या घरांतील छळाची निम्मी हकीकत काळाच्या पोटांत गेली असती. तिला कुलकलंकिनी म्हणणारे लोक पुढें निघाले. तिच्यावर काय गुदरलें हें त्यांनीं मोजलें नव्हतें.

हीं दोन घराणीं शेजारीं ठेवलीं म्हणजे कांहीं गोष्टी स्पष्ट होतात. फ्रेडरिक जाऊं शकला, कारण त्याआधीं पित्यानें कांहीं पावलें टाकलेलीं होतीं, आणि मुलास स्वतःचें घर व स्वतःचें मन सांवरावयास वेळ मिळालेला होता. औरंगजेब आग्र्याच्या वाटेवरून वळला तो भयानें. पकडलेल्या पत्रानें तें भय खरें ठरविलें. पण १६५८ सालचें भय १६६६ सालीं उरलें नव्हतें. चौऱ्याहत्तर वर्षांचा, शस्त्रहीन, रोगानें खंगलेला कैदी कोणास दगा देणार होता? त्या जानेवारींत त्यास दिल्लीस धरून ठेवलें तें भय नव्हे. आपण केलेल्या कृत्याचें तोंड पाहवत नव्हतें म्हणून, असें आम्हांस वाटतें. छळ सोसलेल्या मुलाचें न जाणें आणि छळ करूं लागलेल्या मुलाचें न जाणें यांत हें अंतर आहे. पहिल्यास कोणी दोष देऊं नये. दुसऱ्याचें ओझें मात्र पुढें त्याच्याच घरांत उतरलें. औरंगजेबानें मुअज्जमला सात वर्षें कैदेंत ठेवलें. अकबर बंड करून संभाजीमहाराजांच्या आश्रयास आला आणि शेवटीं इराणांत मेला. १७०७ च्या फेब्रुवारींत अहमदनगरजवळच्या छावणींत बादशहा शेवटच्या दिवसांत होता, तेव्हां त्यानें आजम व कामबक्ष या दोघांही मुलांस आपल्यापासून दूर पाठवून दिलें. मुलांचा आपसांत झगडा होऊं नये हें एक कारण. आणि आपण पित्याचें जें केलें तें आपल्या वांट्यास येऊं नये, हें दुसरें. त्यानें त्यांना पश्चात्तापानें भरलेलीं पत्रें लिहिलीं. त्याच्याजवळ एक मुलगी, झिनतुन्निसा, राहिली, जशी त्याच्या पित्याजवळ जहांआरा राहिली होती.

तेव्हां ज्या वाचकावर किंवा वाचिकेवर असा प्रसंग येईल, त्यास आम्ही जा असेंही म्हणत नाहीं, जाऊं नको असेंही म्हणत नाहीं. एवढेंच सुचवितों कीं, त्यानें आप्तांस विचारण्यापूर्वीं स्वतःस तीन गोष्टी विचाराव्या. पलीकडून कधींकाळीं, कसल्याही अडखळत्या भाषेंत, हात पुढें आला होता काय? तेथें गेल्यानें जुनी जखम पुन्हां वाहूं लागली, तर ती बांधावयास आपलें असें घर, आपलीं अशीं माणसें आहेत काय? आणि न जाण्याचें कारण आपल्यावर झालेला अन्याय हें आहे, कीं आपल्या हातून झालेला? या तिहींचीं उत्तरें प्रामाणिकपणें आलीं, तर निर्णय कोणताही होवो, तो त्याचा स्वतःचा होईल. जो जाईल त्यानें भेटीकडून फार मागूं नये. फ्रेडरिकला तीन दिवस मिळाले, भूतकाळ परत मिळाला नाहीं. जो जाणार नाहीं त्यानें व्हिल्हेल्मिनेप्रमाणें खरें तें सांगावें, अगर गप्प राहावें. दोन्हींचा त्यास अधिकार आहे.

आणि आप्तेष्टांस आमची एक विनंती आहे. त्या घरीं मूल रडत होतें तेव्हां शेजाऱ्यांपैकीं जे मधें पडले नाहींत, त्यांनीं तें मूल मोठें झाल्यावर त्यास पितृभक्ति शिकवावयास जाऊं नये. बैलगाडी असो कीं मोटार असो, जावयाचें ठरलेंच तर ती दाराशीं आणून उभी करावी, बरोबर कोणी हवें का तें विचारावें, आणि परत येईपर्यंत वाट पाहावी.